कमलकाकूची साक्ष

माझं नाव सुजाता आणि आडनाव जोसेफ. नाव सांगितलं की समोरचा ओळखीची मान हलवतो आणि आडनाव सांगितलं की ती हलायची थांबते. भंडाऱ्यात मास्तरीणपणा करण्यात माझा जन्म गेला, आणि दर जूनमध्ये कुणी ना कुणी पालक वर्गाच्या दारात रेंगाळून विचारायचाच, ‘मॅडम, तुमी नेमक्या कोन?’ नाव बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेचं, म्हणून त्यावर विसंबून कुणी जयभीम घालायचं, आडनावावर विसंबून कुणी नाताळचा केक मागायचं. मी जयभीमला जयभीम केला आणि केकऐवजी करंज्या दिल्या. नाव असं कसं पडलं, याचं उत्तर माझ्याजवळ लहानपणापासून तयार होतं : आईला आवडलं म्हणून. घरातूनच मिळालेलं उत्तर होतं ते, आणि माझ्या दृढीकरणाच्या विधीपर्यंत, म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत मीही त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

तेव्हा आम्ही जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे व्हरांडा, आणि शेजारच्या क्वार्टरशी मिळून एकच भिंत. भिंतीपलीकडे रामटेके. काका फॅक्टरीत आमच्या पप्पांच्याच पाळीला होते आणि वसाहतीतल्या बुद्धविहाराचे सेक्रेटरी होते. कमलकाकू घरी असायची. घरी म्हणजे अर्धा वेळ तिच्या घरी आणि अर्धा आमच्या. सकाळचा भोंगा वाजला की सगळी लाईन एकदम जागी व्हायची. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, बादल्यांचा आवाज, सायकलींच्या घंट्या. त्या गोंधळात पप्पा दाढी करता करता स्तोत्र म्हणायचे आणि नेमके त्याच वेळेला पलीकडे रामटेके काका वंदना म्हणायचे. दोघांचे आवाज खर्जातले, दोघेही बेसूर, आणि पलीकडचा आवाज आपल्या वर जाऊ नये अशी दोघांचीही मनापासून इच्छा. पप्पांच्या गालाला बहुतेक दिवशी कुठे ना कुठे कापलेलं असायचं ते यामुळेच. आई चुलीशी बसून म्हणायची, ‘आपला देव बहिरा नाही, आन् त्यायचा बुद्ध त देवच नाही. मंग हे दोघं कोनाले ऐकवून राहिले?’ याचा परिणाम इतकाच झाला की दहाव्या वर्षी मला त्रिसरण तोंडपाठ होतं आणि कमलकाकूला आमची अर्धी प्रार्थनामाला.

आई सानगडीची. तिचे वडील तिथे दवाखान्यात कंपाउंडर होते. तिच्या माहेरचा तांदूळ पोत्यातून यायचा आणि आमचं सगळं खाणं त्या पोत्याभोवती फिरायचं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, हंगामात तळ्यातले झिंगे नाहीतर शिंगाडे, आणि सकाळी पेज. भात शिजत आला की वरचं पाणी एका गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतून घ्यायचं, ती पेज. कोमट असताना मीठ टाकून वाटीने प्यायची. सुनेच्या कुकरातून आता पेज निघतच नाही. परवा नातीला पेज म्हणजे काय ते समजावून सांगत होते, तर ती म्हणाली, ‘म्हणजे राईस सूप?’ मी हो म्हटलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि तसं पाहिलं तर पेज नेमकी काय असते हा प्रश्न माझ्या आयुष्यात फार नाजूक आहे.

पप्पा वर छिंदवाड्याकडचे, पिढीजात लूथरन. माणसाच्या करणीने काही होत नाही, जे होतं ते कृपेने, हा त्यांचा सिद्धांत, आणि तो ते गणिताच्या पेपरापासून वांग्याच्या भरतापर्यंत सगळ्याला लावायचे. मी पास झाले की कृपा. नापास झाले की मात्र ती माझी करणी. भरीत छान जमलं की पप्पा डोळे मिटून म्हणायचे, ‘देवाची कृपा.’ वांगं करपलं की विचारायचे, ‘लक्ष कुठं होतं?’ आई एकदा म्हणाली, ‘उद्यापासून कृपेलेच सांगा वांगे भाजाले.’ पप्पांना विनोद कळला नाही असं नाही, पण धर्मज्ञानात हसायचं नसतं अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना घरात हसताना पाहिलंय, सायकलवर पाहिलंय, पण उपासनेत तोवर कधीच नाही.

उपासना व्हायची ती वसाहतीच्या टोकाला असलेल्या एका जुन्या हॉलात. त्याचं आम्हा सगळ्या ख्रिस्ती लोकांत घंट्यांनुसार वाटप झालेलं होतं. सकाळी मेथडिस्ट, मग आम्ही, मग केरळातले सिरियन, दुपारी बुडवणारी मंडळी. बुडवणारी हे नाव आमचंच. लहान मुलांवर शिंपडलेलं पाणी त्यांना पाणीच वाटत नसे, मोठं झाल्यावर कळून-सवरून तळ्यात डुबकी मारली तरच तो बाप्तिस्मा. बाकं एकच, पेटी एकच, आणि भांडणंही तीच. सिरियनांचे थॉमस अंकल आधीच्या मंडळींनी बाकं सरळ लावली नाहीत म्हणून कुरकुरायचे. बुडवणाऱ्यांचे डॅनियलभाई पेटीचा भाता कुणीतरी फाडला म्हणायचे, आणि कुणीतरी म्हणताना आमच्याकडे बघायचे. नागपूरहून वर्षातून एकदा कुणी मोठे पाहुणे यायचे आणि ख्रिस्ती ऐक्यावर भाषण करायचे. भाषण संपलं की पाहुण्यांना आधी कुणाच्या घरी जेवायला न्यायचं यावरून आम्ही भांडायचो. पुढे मी अशा ऐक्याच्या पुष्कळ सभांना गेले, चहाही पुष्कळ प्याले, पण त्या हॉलाइतकं ऐक्य मला कुठे दिसलं नाही. एकाच छपराखाली राहायचं तर दुसरा इलाज नव्हता.

आमचे पाळक साहेब महिन्यातून एकदा शनिवारी बसने यायचे आणि आमच्याकडे उतरायचे. सातपुड्यातल्या एका खेड्यातला उंच, वाळका माणूस. बोलायला मऊ आणि जेवायला मनापासून. त्या वेळी ते माझ्या दृढीकरणासाठी आले होते. लहानपणी आपल्या वतीने मोठ्यांनी जे कबूल केलं ते आपण स्वतः मंडळीसमोर कबूल करायचं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवायचा आणि त्याच दिवशी पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसायचं, असा तो विधी. मी प्रश्नोत्तरी घडाघडा पाठ केली होती. आईने नवा पांढरा फ्रॉक शिवला होता, आणि तो अंगाला होतोय का ते बघायला कमलकाकू दिवसातून तीनदा तरी यायची.

शनिवारी दुपारी जेवताना पाळक साहेबांनी सहज विचारलं, ‘हिचा बाप्तिस्मा माझ्या आधीच्या पाळकांनी दिला का?’

‘नाही साहेब,’ पप्पा म्हणाले, ‘घरीच झाला. पोरगी जन्मली तेव्हा अडचणीची वेळ होती. सिस्टर अलेयम्मांनी दिला.’ ही सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स, फार पूर्वीच बदली होऊन केरळात गेलेली. तिची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की तिचा चेहरासुद्धा मला आठवतो असं वाटायचं.

आई वरण वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, ‘अलेयम्मा नव्हती.’

पप्पांनी वर बघितलं. आईने पळी गंजात ठेवली. ‘ते मागून आली डॉक्टरीनबाईसंगं. तिनं सुई देल्ली. त्याच्या आंधी पोरगी निळी पडली होती, रडतच नव्हती. माह्या अंगात उठायची ताकद नव्हती, हात हालत नव्हता. बोलता तेवढं येत होतं. मी सांगत गेलो आन् कमलबाईनं केलं.’

‘कोण कमलबाई?’ पाळक साहेबांनी विचारलं.

‘हे बाजूची. रामटेक्याची.’

भिंतीपलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

पप्पांचा घास हातातच राहिला होता. ‘आणि तू मला हे सांगितलं नाहीस?’

‘तुमी ड्युटीवरून आले, मी म्हटलं बाप्तिस्मा झाला. तुमी म्हटलं सिस्टरनं देल्ला असंल. मी म्हटलं असंल.’ आईने पाळक साहेबांच्या पानात भात वाढला. ‘कमलबाई म्हने, माह्या घरी मालूम नोको पडू देऊ. नाव भी तिनंच ठेवलं. मी सांगाले इसरलो का नाव लागते मनून, त तिच्या तोंडात जे आलं ते तिनं म्हटलं.’

तर असं होतं माझं नाव. एकाच जेवणात माझी आवडती सिस्टर गेली आणि आईची आवडही गेली. मला मात्र वाईट वाटायच्या ऐवजी गंमत वाटत होती, कारण पप्पा आणि पाळक साहेब दोघेही वरण-भात समोर ठेवून धर्मज्ञानात शिरले होते. पाळक साहेबांचं म्हणणं, अडचणीच्या वेळी कोणाही ख्रिस्ती माणसाने बाप्तिस्मा दिलेला चालतो, पण ख्रिस्ती नसलेल्याने दिला तर काय, याबद्दल त्यांना शिकवताना कुणी काही बोललं नव्हतं. तेव्हा उगाच संशय नको, उद्या उपासनेआधी ते गुपचूप पुन्हा देतील. पप्पा भडकले. ‘दुसऱ्यांदा? साहेब, बाप्तिस्मा देतो देव. माणसाचा नुसता हात, तोही उसना. पुन्हा करायचा म्हणजे पहिल्यांदा देवाला नीट जमलं नाही असं म्हणायचं. पोस्टमन कोणत्या धर्माचा आहे ते बघून आपण मनीऑर्डर परत करतो का?’

‘परत करत नाही जोसेफबाबू,’ पाळक साहेब मऊपणे म्हणाले, ‘पण पोस्टमन पोस्टखात्यातला असावा लागतो.’

पप्पांनी आईकडे लोणचं मागितलं. शेवटी तोडगा पाळक साहेबांनीच काढला. आमच्या उपासनापद्धतीत घरगुती बाप्तिस्म्याची विचारपूस करायची रीत आहे. ज्याने दिला त्याला मंडळीसमोर उभं करून तीन प्रश्न विचारायचे : कोणी दिला, कशाने दिला, कोणत्या शब्दांनी दिला. उत्तरं बरोबर आली तर तो बाप्तिस्मा खरा, कुणी पुन्हा हात लावायचा नाही. नाही आली तर पाणी तयार ठेवायचं. ‘तिला उद्या यावं लागेल,’ पाळक साहेब म्हणाले. आईने भिंतीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘आन् तिचा नवरा?’

वसाहतीत बातमीला सायकल लागत नसे. पप्पांनी चहाच्या वेळी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या तोपर्यंत थॉमस अंकल आणि डॅनियलभाई येऊन बसलेही होते. एरवी ही दोन माणसं एका बाकावर बसत नसत. थॉमस अंकल म्हणाले, अभिषेकाचं तेल लावलं नाही ना, मग तो बाप्तिस्मा कसला. डॅनियलभाई म्हणाले, मूल अजाण आणि डुबकी नाही, तर बौद्ध बाईने दिला काय आणि बिशपने दिला काय, सगळं सारखंच. एक मेथडिस्ट गृहस्थ रस्त्याने चालले होते, तेही थांबले आणि कमिटीपुढे विषय न आणता असं काही करणं योग्य नाही म्हणाले. आमच्या हॉलातले सगळे पंथ त्या दिवशी पहिल्यांदा एका मुद्द्यावर एक झाले होते, आणि तो मुद्दा म्हणजे माझा बाप्तिस्मा झालेला नाही. पप्पा एकटे एका बाजूला. समोरच्या क्वार्टरमधल्या हेडाऊ वहिनी, मोहाडीच्या कोष्ट्यांच्या घरच्या, साडी वाळत घालता घालता हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अजून एक डाव पानी टाकलं त काय बिघडते हो? आमी त दर ग्रहनाले आंग धुतो.’ यावर चारही ख्रिस्ती पंथांनी त्यांच्याकडे एकाच वेळी रागाने बघितलं.

मी हळूच मागच्या दाराने कमलकाकूकडे गेले. ती सुपात लाखोळी निवडत बसली होती. निवडून झालेल्या डाळीतून पुन्हा निवडत होती.

‘आता काय करन तो तुहा पाळक?’ तिने वर न बघता विचारलं.

‘तू उद्या आली नाहीस तर पुन्हा पाणी घालतील.’

‘घालू दे ना मंग. तुह्या डोक्यावर पानी पडल्यानं माहं काय जाते.’ मग तिचे हात थांबले. ‘मंजे मी केलं ते वायाच गेलं म्हना. मी आपली इतके वर्स तुह्याकडं पाहून खुश होत होतो, का इले मी नाव देल्लं. कोनाले सांगत नव्हतो, पन होत होतो.’

तोपर्यंत मला हे सगळं मोठ्या माणसांचं भांडण वाटत होतं. आता मला कुणीही पुन्हा पाणी घालू नये असं वाटू लागलं, आणि त्यात देवाचा विचार फारसा नव्हता. कमलकाकूने माझ्यावर जे पाणी घातलं होतं ते मला हवं होतं. ‘तू ये ना गं उद्या,’ मी म्हटलं.

‘याले येईन, पन आमच्या यायले कोन सांगन? विहारात दर ऐतवारी लोकायले सांगतेत का बावीस प्रतिज्ञा पाळा मनून. आन् घरचीच बायको...’

आतल्या खोलीचा पडदा हलला आणि रामटेके काका बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंतच तशी होती, दुपारपासूनच ऐकत असतील. त्यांनी काकूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चपला घातल्या आणि सरळ आमच्या व्हरांड्याकडे निघाले. मी मागच्या दाराने त्यांच्या आधी पोचले.

‘जोसेफबाबू,’ काका म्हणाले, ‘माह्या बायकोले तुमच्या चर्चमंदी साक्षीले बोलावलं मनते.’

‘हो,’ पप्पा उभे राहिले.

‘ते बौद्ध हाये.’

‘म्हणून तर बोलावलंय.’

काकांनी खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्या पंथांकडे सावकाश एकदा नजर फिरवली. ‘मी येतो संगं,’ ते म्हणाले आणि गेले. काका कशासाठी येणार आहेत हे कुणालाच कळलं नाही. आईने त्या संध्याकाळी वरणात दोनदा मीठ टाकलं.

रविवारी आमच्या उपासनेला हॉल भरला होता. मेथडिस्ट घरी गेलेच नव्हते, सिरियन लवकर आले होते, बुडवणारे तर जेवणाचे डबे घेऊन आले होते. हेडाऊ वहिनी दारात उभ्या होत्या. रामटेके काका शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. मी नव्या फ्रॉकमध्ये पुढे उभी, आणि माझ्या बाजूला कमलकाकू, विहारात पौर्णिमेला नेसायची ती पांढरी साडी नेसून. आम्ही दोघी पांढऱ्या, पाळक साहेब पांढरे. टेबलावर पितळेच्या वाटीत पाणी आणि वर रुमाल झाकलेला. लागलंच तर.

पाळक साहेबांनी पहिला प्रश्न विचारला. ‘या मुलीला बाप्तिस्मा कोणी दिला?’

‘मी देल्ला,’ काकू म्हणाली. आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. पप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांच्या मते अवघड प्रश्न संपला होता.

‘कशाने दिला?’

पप्पा पहिल्या बाकावरून ओठ हलवून तिला उत्तर सांगत होते. तिने पप्पांकडे बघितलं, मग मागे वळून काकांकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘आमच्या पंचशीलात खोटं बोलाची मनाई हाये. पेजेनं देल्ला.’

डॅनियलभाईंच्या ओठांवर हालेलूया आलेलं मला स्पष्ट दिसलं.

‘कशाने?’

‘पेजेनं जी. घरचं पानी सारं बाळंतपनात लागलं होतं, नळ गेला होता. पोट्टी निळी पडून राहिली, मी कोनाच्या दारी पानी मांगाले जाऊ? चुलीपाशी गंजात सकायची पेज होती, थंडी. तेच घेतली हातात.’

पाळक साहेबांनी हातातलं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि मिटलं. ज्यांनी ते पुस्तक रचलं त्यांच्या देशात भात नव्हता, तेव्हा त्यात पेज कुठून असणार. बाप्तिस्मा पाण्याने, हे मात्र सगळ्या पंथांना मान्य. पप्पांनी डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. कुणाच्या हाताने या प्रश्नासाठी त्यांनी रात्रीतून चौदा उत्तरं तयार केली होती, पेजेसाठी एकही नव्हतं. पाळक साहेबांचा हात रुमालाकडे गेला, आणि कमलकाकू खाली बघू लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला. ‘एक मिनट.’ रामटेके काका उभे होते. ‘तुमच्या धर्मातलं मले मालूम नाही, आन् त्यात मी पडत नाही. माह्या बायकोनं हे मले न इचारता केलं, त्याचं मी तिच्यासंगं घरी पाहीन. पन तिनं केलं ते काहीच नाही, असं जर कोनी म्हनत असंल, त ते मी ऐकून घेनार नाही.’ त्यांनी सगळीकडे बघितलं. ‘मी लहान होतो तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून नागपूरले दीक्षेले गेलो होतो. थ्या मैदानात आमच्या आंगावर कोनी पानी टाकलं नाही. शब्द बोलले फक्त. आमी शब्द बोललो आन् घरी आलो ते दुसरेच मानसं होऊन आलो. शब्दानं होते का नाही होत, ते सांगा.’

पप्पांनी डोकं वर केलं. ‘साहेब,’ ते अगदी कळवळून म्हणाले, ‘हेच तर आपल्या प्रश्नोत्तरीत आहे. नुसतं पाणी काही करत नाही. शब्द करतो.’

‘शब्द आणि पाणी, जोसेफबाबू. दोन्ही,’ पाळक साहेब म्हणाले. त्यांनाही यातून मार्ग काढायचा होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण तो सापडत नव्हता.

मग आई उठली. आई मंडळीत कधी बोलत नसे. ती म्हणाली, ‘साहेब, थे पेज मीच काढली होती. महिन्याचा आखरी होता. सानगडीचा तांदूळ संपला होता. पगार झाला नव्हता. मूठभर तांदूळ गंजभर पान्यात टाकून दोन दिवस तेच पेत होतो आमी. त्यात शीत हुडकून सापडलं नसतं.’ तिने टेबलावरच्या वाटीकडे बघितलं. ‘म्हनाले पेज म्हनत होतो. पानीच होतं ते.’

हॉलात बसलेल्यांपैकी एकालाही ती पेज कशी असते हे सांगावं लागलं नाही. थॉमस अंकलनी मान खाली घातली. पाळक साहेबांनी चष्मा काढला आणि काकूला विचारलं, ‘हाताला चिकट लागली का, बाई?’

‘नाही जी. मीठ भी नव्हतं.’

‘आमच्या घरी पण तशीच असायची,’ पाळक साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग वाटी रुमालासकट उचलून टेबलाखाली ठेवली. ‘पाण्याने दिला,’ ते मंडळीला म्हणाले. पप्पांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, त्याचा आवाज पेटीपेक्षा मोठा होता.

आता एकच प्रश्न उरला होता. ‘कोणत्या शब्दांनी दिला?’

काकूने ओठ मिटून घेतले. आम्हाला वाटलं विसरली. पाळक साहेबांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, ‘नाही म्हनत.’

‘का?’

‘पोट्टी समोर उभी हाये जी. म्हटलं त पुन्हा होऊन जाईन. कालपासून हे जोसेफबाबू भितीच्या पल्याड कल्ला करून राहिले का दुसऱ्यांदा करता येत नाही मनून. आता म्या काहून करू?’

आणि पप्पा हसले. उपासनेत, पहिल्या बाकावर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पाळक साहेबांनी काकूला समजावलं की पाण्याशिवाय नुसत्या शब्दांनी होत नसतं. काकूने टेबलाखालच्या वाटीकडे बोट दाखवलं. तिला तो धोका पत्करायचा नव्हता. शेवटी पाळक साहेबांनी हार मानली आणि मला बाहेर जायला सांगितलं. माझ्याच दृढीकरणातून मला घालवून दार लोटून घेण्यात आलं.

मी व्हरांड्यात उभी राहिले. तिथे सगळ्या पंथांच्या चपला एकमेकींवर पडल्या होत्या. आतून कमलकाकूचा आवाज येत होता, हळू, बाळंतिणीच्या खोलीत बोलतात तसा. शब्द कळत नव्हते. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. एकदा माझ्यासाठी बोलून झाले होते. मग आत शांत झालं. आणि मग सगळा हॉल आमेन म्हणाला. त्या हॉलात मी दर रविवारी आमेन ऐकायची. मेथडिस्टांचं लांबलेलं, सिरियनांचं गाण्यातलं, बुडवणाऱ्यांचं दोनदोनदा. त्या दिवशीचं कोणाचं होतं ते ओळखता आलं नाही. ते संपल्यावर अगदी मागून, रोज सकाळी भिंतीपलीकडून येणाऱ्या त्या बेसूर खर्जात, वंदनेच्या शेवटी म्हणतात तसं, एकट्याचं आलं, ‘साधु.’

दार उघडलं. डोक्यावरचा पदर सारखा करत कमलकाकू उंबऱ्यात आली, घामाघूम. तिने माझा हात धरला.

‘चाल आंदर,’ ती म्हणाली. ‘तुहं काही बाकी नाही राहिलं.’